फिजीचा डॉलर, सामोआचा टाला

रवि. १४ सप्टें. २०१४, माबेला, ओमान
सायली शाळेतून तोंड पाडूनच आली. अकरावी कॉमर्सच्या बाईंनी चिठ्ठ्या टाकून प्रोजेक्ट वाटले. हिच्या नशिबी फिजीचा डॉलर आणि सामोआचा टाला. दोघांमधला विनिमय दर, पंधरा वर्षांचा. दहा मिनिटं वर्गापुढे उभं राहून, इंग्लिशमध्ये. नकाशात हे देश शोधायलाच मला चष्मा लागला.
"मी नाही बोलणार. मला चिपळूणला मामाकडे पाठवा."
कितव्यांदा, ते मोजणं सोडलंय. तिकडे मराठी शाळेत पहिली येणारी पोर, इथे आल्यापासून वर्गात तोंड उघडत नाही.

मंगळ. १६
नंदा म्हणाली, "पोरगी गेली तर मीही जाणार. तिला एकटी नाही ठेवायची." म्हणजे परत मी आणि भाताचा कुकर. नऊ वर्षं बायको-पोरीशिवाय एकट्याने काढली इथे, आता नाही होणार माझ्याने. तिला हे बोललो नाही. सायलीला शब्द दिला : एवढं प्रोजेक्ट बोलून दाखव. नंतरही जायचंच म्हणालीस, तर दिवाळीत मामाकडे सोडतो.
बोललो खरं.

शुक्र. १९
सुट्टी. मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर बसणारा बाप घरात असताना पोरीने रेटसाठी रडावं? बसलो. नेटवरून फिजीचे जुने आकडे, तक्ता, ग्राफ, जेवणाआधी सगळं खलास. २००९ला रेघ धाडकन खाली, तिथे फिजीने अवमूल्यन केलेलं. सा. नुसती बघत होती. जरा फुशारकीच मारली.

शनि. २०
नाक कापलं. सकाळी सा. वही घेऊन आली.
"बाबा, तुम्ही टालाचा आजचाच रेट पंधराही वर्षांना लावलाय."
"मग? असेल अमेरिकन डॉलरला बांधलेला."
"नाहीये. बऱ्याच देशांची चलनं एकत्र धरून त्यांच्याशी जोडलाय. तोही हलतो."
आमचा इथला रिआल त्या डॉलरला खुंटीसारखा ठोकलेला. बोर्डावरचा डॉलरचा आकडा वर्षानुवर्षं तोच, रुपया तेवढा नाचतो. मला वाटलं, सगळं जग तसंच. हिला कालच कळलं होतं म्हणे. बोलली का नाहीस? "तुम्ही एवढे खुशीत होतात."
लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला. दिवसभर मी आकडे वाचले, तिने तक्ता नव्याने मांडला. मध्येच म्हणाली, "दोघंही हलत असतील तर कोण सरकलं हे कळणार कसं?" तिनेच मग दोघांना वेगवेगळं अमेरिकन डॉलरशी ताडून बघितलं.

सोम. २२
रत्नागिरीचे शरीफभाई काउंटरला, पगार घरी पाठवायला. "कदम, रुपया अजून पडेल काय? थांबू की पाठवू?"
तोंडातून गेलं, "टाला त्या मानाने बरा आहे." बघतच राहिले बिचारे.

बुध. २४
बोलली! दहा नाही, चौदा मिनिटं.
सुरुवातीला मान खाली घालून नुसतं कागदावरचं वाचलं म्हणे. मग एकाने विचारलं, दोन्ही चलनांचे ग्राफ वेगळे कशाला? तर हिने माझी चूक सांगितली. माझे बाबा एक्स्चेंजमध्ये आहेत, ओमानमध्ये रिआल हलत नाही, म्हणून त्यांनी टालालाही उभं करून ठेवलं. वर्ग हसला. "मग मीही हसले, आणि भीती गेली."
म्हणजे आता अख्ख्या अकरावीला बाप कच्चा लिंबू म्हणून माहीत. चालेल. हजारदा चालेल. डोळे भरून आले, तेवढ्यात नंदाने शिऱ्याची वाटी पुढे केली.

गुरु. २५
घटस्थापना. संध्याकाळी तिकीट एजंटचा फोन, दिवाळीच्या सीटा धरून ठेवल्यात. "बेटी का वन-वे या रिटर्न?"
सा. समोरच होती. शब्द दिलाय, विचारावंच लागलं.
तिने कॅलेंडरकडे बघितलं. मग, "रविवारपर्यंत थांबेल का तो?"
"रविवारी काय?"
"बाई नवीन प्रोजेक्ट देणारेत. रुपया आणि रिआल. मी नाव दिलंय, पण नक्की नाही अजून."
नक्की काय नाही, प्रोजेक्ट की दुसरं काही, ते विचारलं नाही. नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एजंटला म्हटलं, माझं रिटर्न पक्कं कर, मायलेकींचं रविवारी सांगतो.
"रविवार को रेट बढ़ जाएगा, भाई."
म्हटलं, बढ़ने दो.