चिपाड, कोरडं, सुटं

तात्या, साखर कारखान्यातली नोकरी नाकारून मी बारामतीत खोली घेतली आणि कॉम्प्युटरवर बसलो, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘पडद्याफुडं बसून प्वाट भरत न्हाय.’ भरलं. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे ऐकून घ्यावं लागेल.

काम काय ते आधी सांगतो. एखादं गोदाम बांधण्याआधी मी ते कॉम्प्युटरमध्ये उभं करतो, आत माल रचतो आणि त्याला आग लावतो. धूर माणसाच्या डोक्यापर्यंत कधी उतरतो आणि तोवर आतली माणसं दाराशी पोचतात का, एवढं बघायचं. त्यासाठी प्रत्येक मालाची माहिती भरावी लागते: घनता किती, उष्णता आत किती लवकर शिरते, पेट कधी घेतो, पेटल्यावर किती धग देतो. एकदा भरली की नाव देऊन साठवायची आणि पुढच्या कामाला तीच उचलायची. या साठ्याला लायब्ररी म्हणतात. लोक त्यातून डोळे मिटून माल उचलतात. माझ्या लायब्ररीत नुसतं नाव चालत नाही. ओलं की कोरडं, सुटं की दाबलेलं, आकडा कुठून आला, कुणी तपासला, सगळं नोंदवलेलं असतं. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. समोर इंग्रजी पुस्तकं, मांडीवर डिक्शनरी घेऊन मी एकट्यानं शिकलो.

एकट्यानं म्हटलं की तुम्ही हसणार, माहीत आहे. दहावीनंतरचा तो हंगाम. तुम्ही बॉयलरवर, मी तुमच्या हाताखाली रोजावर. जळणाच्या चिपाडाचे दोन ढीग, आणि त्यांच्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे. मी दोन्हींवर वळणदार अक्षरात ‘चिपाड’ लिहितो. तुम्ही येता, बघता. ‘अक्षर झ्याक हाय. पर कुठलं चिपाड? कालचं का म्हैन्याचं? आत हात घालून बगितलास?’ मी म्हणतो, व्हय. तुम्ही पाटीकडं बघता, माझ्या हाताकडं बघता, फडकं देता आणि चार माणसांदेखत दोन्ही पाट्या पुसायला लावता. बाजूला घेऊन सांगता आलं असतं, तात्या. तो राग मी अजून सोडलेला नाही.

गेल्या महिन्यात निमगाव केतकीच्या पुढं एका शेडचं काम आलं. चिपाडाच्या पत्रावळ्या दाबायच्या, कामाला गावातल्या बायका, नकाशात दार एकच. पुण्याचा इंजिनियर, माझ्या निम्म्या वयाचा, फोनवर म्हणाला, ‘काका, लायब्ररीत लाकूड आहे ना? तेच लावा. चिपाड म्हणजे लाकूडच की.’ लाकूड लावलं की एक दार पुरतं. कोरडं, सुटं चिपाड लावलं की मागच्या टोकाच्या बायका दाराशी पोचत नाहीत. मी सांगितलं, दुसरं दार काढा, नाहीतर माझं नाव काढा. त्यानं डिग्री विचारली. दहावी, म्हणालो, आणि आकडे प्रयोगशाळेतून तपासून आणलेत, कागद पाठवतो. पुढची कामं मिळणार नाहीत म्हणाला. बरं, म्हणालो.

कागदांबरोबर त्याला चिपाडाचं एखादं जुनं काम दाखवावं म्हणून मी कऱ्हाटीच्या गोदामाची फाईल उघडली. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली. मालाचं नाव नुसतं ‘चिपाड’. आत आकडे लाकडाचे. घाईत मीच लाकडाची नक्कल करून नाव बदललं होतं. पुढं खरे आकडे मिळाले तेव्हा लायब्ररी दुरुस्त केली आणि सगळीकडं दुरुस्त झालं असं धरून बसलो. पण प्रत्येक काम लायब्ररीतून उचललेल्या मालाची नक्कल आपल्या फाईलमध्ये सोबत घेऊन जातं. लायब्ररी सुधारली तरी कऱ्हाटीच्या फाईलमध्ये लाकूडच राहिलं, आणि त्याच्या भरवशावर तिथंही दार एकच.

मी दुसऱ्या दिवशी कऱ्हाटीला गेलो. मालकाला म्हणालो, चूक माझी आहे, मागची भिंत फोडून दार काढा, आणि तोवर मागं कुणाला कामाला लावू नका. तो म्हणाला, ‘एवढी वर्सं काय झालं न्हाय, मग आत्ताच कशापायी?’ अजून झालं नाही म्हणूनच, म्हणालो. तीन फेऱ्या मारल्या तेव्हा गवंडी ठरला. पुण्याच्या साहेबालाही माझी चूक लिहून कळवली. निमगावच्या दारावरून मात्र हटलो नाही. आता त्या नकाशात दुसरं दार आलंय आणि खाली माझं नाव नाही. नसू दे. दार आलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? चिपाडाच्या तपासणीच्या कागदांमागं लावून ठेवतो. चार माणसांदेखत पुसायला लावलंत त्याचा राग माझा आहे, तो माझ्यापाशीच राहील. फक्त एक. चिपाडाच्या ढिगात हात घातला की कोपरापर्यंत भुसा चिकटतो. त्या दिवशी माझ्या हाताला नुसता रंग होता, तात्या.