बत्तीस पुड्या

१३ जुलै, रविवार
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली आहेत. वाया घालवण्यापेक्षा रोज चार ओळी लिहायचं ठरवलं.
आज वर्षालीबरोबर खडवलीला. सून पीएच.डी. करते. विषय: द्राक्षाच्या घराण्यातल्या वेलींचे परागकण. नदीकाठी आंबटवेल फुललेली. ती कळ्या खुडत होती, मी छत्री धरली आणि पुड्यांवर नंबर घातले. माझं अक्षर चांगलं. म्हणाली, आई, तुम्ही नसतात तर मला दोन दिवस लागले असते. म्हणजे माझ्यावाचून तिचं अडतंच.
माझ्या मुलाला, संदेशला, जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, सून महिन्याभरात माहेरी जाईल. कुठे गेली?

२ ऑगस्ट, शनिवार
तिने मायक्रोस्कोपमधून द्राक्षाचा परागकण दाखवला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसला. तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, अंगावर तीन उभ्या चिरा, प्रत्येक चिरेत एक भोक. आतलं जे काही असतं ते तिथूनच बाहेर पडतं. चिरा नसल्या तर सगळं आतल्या आत राहतं आणि फळ धरत नाही.
गॅलरीतली कांडवेलही याच घराण्यातली, म्हणाली. संदेश दहा वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला, तेव्हा हाड सांधायला यांनी बाळकुमच्या शेतावरून आणून लावलेली. हे गेले, शेत गेलं, तिथे टॉवर झाले. वेल आहे.
आमच्या गॅलरीतच द्राक्षाचं घराणं म्हटल्यावर ही मुलगी बाहेर कशाला जाईल?

२० ऑगस्ट, बुधवार
वर्षालीने पुड्यांचा नियम सांगितला. उघडायच्या नाहीत. जवळ पंखा लावायचा नाही. दुसऱ्या फुलाचा एक कण आत गेला तरी स्लाइड बिघडू शकते. मग पुन्हा पुढच्या पावसाळ्यात कळ्या.
मी विचारलं, अख्खं वर्ष जाईल? म्हणाली, जाऊ शकतं.
लक्षात ठेवायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार
वर्षालीला लखनौच्या संशोधन संस्थेचं पत्र. इंग्रजी आहे, पण सावकाश वाचलं की कळतं. एक डिसेंबरपासून नोकरी, थिसिस त्याआधी जमा झाला तर.
लखनौला थंडी फार. तिला थंडी सोसत नाही. जाणार नाही.
लोकर आणली. घरात असावी.

१६ सप्टेंबर, मंगळवार
संकल्प: तिला थिसिसमध्ये जमेल तेवढी मदत करायची. मात्र घाईत काम बिघडतं. तसं तिला दोनदा सांगितलं. हसली आणि रात्रीचा भात मीच लावते म्हणाली. मी लावू दिला नाही. लखनौला कोण लावून देणार आहे?

३० सप्टेंबर, मंगळवार
फूलवाल्या मालूकडून दीड किलो झेंडू. दरवर्षी अर्धा घेते. मालू इथली जुनी, खाडीकाठची. तिने विचारलं, एवढी फुलं कोनासाठी? मी म्हटलं, सुनेच्या अभ्यासाची पूजा आहे, ती इथेच मोठी प्रोफेसर होणार. तर म्हणते, "सून हाय गो तुजी, देवाचा दिवा न्हाय. किती दिस हात आडवा धरून बसशील?"
मालूला शिक्षण नाही. सुटे पैसे मोजून घेतले.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
वर्षाली सकाळीच कॉलेजला. मी मायक्रोस्कोपची पूजा केली. गंध, अक्षता, माळ. मग पुड्या. शेवटच्या बत्तीस राहिल्यात, पुढच्या आठवड्यात त्या लॅबमध्ये जातील. बंद पुडीची पूजा कशी करणार? म्हणून उघडल्या. एकीची केली आणि दुसरीची नाही, हे बरं दिसत नाही. प्रत्येकीवर झेंडू चुरला, पाकळ्या वेचून काढल्या, पुडी होती तशी बंद केली.
देवाला वाहिलेलं फूल. ते काही 'दुसरं फूल' होत नाही.
तिला सांगायचं राहून गेलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
लॅबमधून उशिरा आली. स्लाइडमध्ये परके कण निघाले म्हणाली. सगळ्या बत्तीसमध्ये. गाईडबाईंशी उद्या बोलणार. जेवली नाही.
मला फार वाईट वाटलं. पण देवाच्या मनात असेल तसं होतं. एक वर्ष म्हणजे काही फार नव्हे. पुढच्या पावसात पुन्हा खडवली. छत्रीची काडी मोडली आहे, ती दुरुस्तीला टाकून आले. हल्ली छत्र्या दुरुस्त करणारे मिळत नाहीत, आजच जाऊन टाकली ते बरं.

१८ ऑक्टोबर, शनिवार
गाईडबाईंनी सांगितलं, काही बिघडलेलं नाही.
वर्षाली ओट्याशी उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही. "आई, झेंडूचा कण काटेरी असतो, धोत्र्याच्या बोंडासारखा. द्राक्षाच्या घराण्यात कुणालाच काटे नाहीत. लगेच ओळखू येतो. तो मोजायचा नाही, एवढंच."
मी म्हटलं, पूजेच्या वेळी वाऱ्याने उडाला असेल.
तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मी पुडी साधी दुमडते. लॅबमध्ये उघडल्या तेव्हा बत्तीसच्या बत्तीस अंगाऱ्याच्या पुडीसारख्या बांधलेल्या होत्या."
आणि लगेच विचारलं, प्रेशरची गोळी घेतलीत का.
घेतली नव्हती. तिनेच काढून दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
थिसिस जमा झाला. पेढे वाटले. मालूलाही दिला.
घरी ठेवायला तिने एक प्रत आणली. पहिल्या पानावर संदेशचं नाव, खाली माझं. नंतर एका पानावर तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की नमुन्यांत झेंडूचे परके कण आढळले, ते मोजणीतून वगळले आहेत. डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. कुणी टाकले ते लिहिलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गेली. स्वेटर नेला. एक बाही लांब झाली आहे, दुमडून घालीन म्हणाली. कांडवेलीचं एक कांडं ओल्या फडक्यात गुंडाळून नेलं.
होळीला येणार आहे. येईलच.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती
फोन आला. थंडी आहे, कांडं कुंडीत लावलंय, तुम्ही महिनाभर या ना आई, म्हणाली. मी म्हटलं, बघू, इथली कामं आहेत.
छत्रीवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला. घेऊन जा म्हणतो.
संध्याकाळी आरती झाल्यावर मागची पानं वाचली. एक ऑक्टोबरला लिहिलंय, पूजेसाठी पुड्या उघडल्या. वहीत मी खाडाखोड करत नाही, ते तसंच राहू दे.
पण पूजेला एक पुडी पुरली असती.