भाषाशास्त्र विभागातला माझा आवाज

मी, आर्वो केट्टुनेन, वय वर्षे एकोणतीस, राहणार सिल्व्हर पोर्टेज, उत्तर ओंटारिओ, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझा आजार मज्जातंतूंचा आहे. तो शरीराचा एकेक भाग बंद करत वर चढला आहे, पण डोके शाबूत आहे, तसा डॉ. न्यूफेल्ड यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला बोलता येत नाही. उजव्या हाताचे एक बोट चालते, त्याने हे टाइप करत आहे. शाळा मी अकरावीत सोडली, तरी मजकूर पुन्हा पुन्हा तपासला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी वकील श्री. सालो यांनी करावी.

कलम १. राहते घर, मागचा सौना म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली, आणि बँकेत जे काही निघेल ते सर्व माझी आई हेल्वी केट्टुनेन हिला द्यावे. काचबिंदूमुळे तिला काहीही दिसत नाही. म्हणून घरातली कोणतीही वस्तू जागची हलवू नये, भेटायला येणाऱ्यांनी खुर्च्यासुद्धा होत्या तिथेच ठेवाव्यात. सौन्याची खालची पायरी डुगडुगते. ती बसवून घेणे माझ्याकडून राहून गेले.

कलम २. माझा मामेभाऊ रेय्यो याने माझ्या वडिलांची यांत्रिक करवत 'दोन दिवसांसाठी' नेली होती. तेव्हा मी शाळेत होतो. ती करवत आता त्याचीच, मात्र ती मागून नेलेली होती याची इथे नोंद राहावी. तिच्या बदल्यात त्याने आईला जळाऊ लाकूड पुरवावे आणि दर शनिवारी सौना तापवून द्यावा. तो नाही म्हणणार नाही. तोंडाने फटकळ आहे, इतकेच.

कलम ३. लाकडाची गिरणी बंद पडल्यावर मला काम नव्हते. विद्यापीठाला मात्र सतत माणसे लागतात, आणि मी वेळेवर येणारा, सांगितले तेवढेच करणारा होतो. मानसशास्त्रवाल्यांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले. भूगोलवाल्यांनी आमच्या मागच्या दलदलीतला चिखल नळ्या भरभरून नेला. त्यात दहा हजार वर्षांपूर्वीचे परागकण आहेत म्हणे. इतिहासाच्या एका मुलीने सौन्यात कोण कोणाशेजारी बसते ते लिहून घेतले. डिझाइनवाल्यांनी माझ्या पाठीचा साचा काढून खुर्ची केली, ती मलाच टोचत होती. जाताना प्रत्येक जण विभागाचे नाव छापलेला एक कॉफीचा मग देई. रेय्यो म्हणायचा, "आर्वो, एक दिवस हे लोक तुला सोलून आपापसात वाटून घेतील आणि आत्याच्या हातात एक मग ठेवतील."

माझा मेंदू आणि पाठीचा कणा डॉ. न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेला द्यावा. त्याबद्दल मग स्वीकारू नये. घरातले सर्व मग रेय्योला द्यावेत.

कलम ४. तत्त्वज्ञान विभागाचे श्री. लिओनार्ड पाइक मरणाऱ्या माणसांच्या आशेवर ग्रंथ लिहीत आहेत. ते माझ्याकडे बऱ्याच दुपारी आले आणि आईने केलेला वेलदोड्याचा पाव त्यांनी पोटभर खाल्ला. मी टाइप केले की मला आशा नाही. ते म्हणाले, "म्हणजे नेमकी कशाची नाही?" त्यांना मी काहीही ठेवत नाही.

कलम ५. डेल्फीन रुआ ही डिझाइन विभागातली विद्यार्थिनी आहे. तिने दिलेले बोलके यंत्र तिला परत करावे. ते उत्तम स्थितीत आहे. मी टाइप केलेले ते बोलून दाखवते. आवाज कारखान्यातून आला तोच आहे, एका जाड, आनंदी माणसाचा. पहिल्या दिवशी मी त्यातून विचारले, "आई, कॉफी झाली का?"

आई चुलीपाशी थबकली. "आर्वो, कोण रे हा?"

"मीच आहे, आई."

"तू नाहीस. मला काय कळत नाही? याला घरात कशाला घेतलंस? आणि इतका खूश कशावर आहे मेला?" मग ती माझ्या दिशेने हात चाचपत आली. "त्याला म्हणावं, जरा गप्प बस. माझ्या पोराला बोलू दे."

मी यंत्र बंद केले. तेव्हापासून मी चालत्या बोटाने चमचा टेबलावर वाजवतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आईशी एवढेच बोलणे होते, बाकीचे लोक मी टाइप केलेले पडद्यावर वाचतात. यात डेल्फीनचा काहीही दोष नाही.

कलम ६. माझा आवाज. हे कलम कृपया सावकाश वाचावे.

डेल्फीन मला म्हणाली होती, "तुझा जुना आवाज मिळाला तर यंत्र हुबेहूब तुझ्यासारखं बोलेल. लग्नाबिग्नाचा एखादा व्हिडिओ?" तसा एकही नाही. कॅमेरा नेहमी माझ्या हातात असे. मग मी टाइप केले की आजारापूर्वी भाषाशास्त्र विभागाने फिनिश घराण्यांतल्या पुरुषांची बोली ध्वनिमुद्रित केली होती आणि मी तिथे दुपारभर वाचत होतो. ती ओरडलीच, "अरे वेड्या, म्हणजे तू आमच्या वरच्याच मजल्यावर पडलायस!" ती धावत गेली. परत येताना चालत आली.

झाले होते ते असे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी भरून द्यायचा फॉर्म जाडजूड होता. तिथला विद्यार्थी म्हणाला, "हे कोणी वाचत नाही हो, सही करा." मी वाचले. नाव आणि क्रमांक यांचा संबंध दाखवणारी यादी पुढे नष्ट करावी काय, असे त्यात विचारले होते. हो किंवा नाही, जशी आपली इच्छा. बाकी बहुतेकांनी ती चौकट कोरी सोडली. मला वाटले, आपला आवाज उद्या भलत्याच्या हाती लागला तर? मी 'हो' वर खूण केली. त्यांनी माझी इच्छा तंतोतंत पाळली. पुढे विभागाने समान न्याय म्हणून सगळ्यांचीच यादी नष्ट केली.

विभागप्रमुख प्राध्यापक मोइरा टेट स्वतः घरी आल्या. त्यांनी कोटसुद्धा काढला नाही.

"आर्वो, तू तिथे आहेस. पण कुठला तू, हे आता कोणालाच ठाऊक नाही. ध्वनिमुद्रण करणारा मुलगाही सोडून गेला, त्याला आठवत नाही."

मी टाइप केले की मी ऐकून ओळखतो.

"तू ऐकशील म्हणजे बाकीच्यांचंही ऐकशील. त्यांना मी शब्द दिलाय. विद्यापीठाच्या नीतिसमितीने परवानगी दिली तरच." मग त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू? आपला आवाज माणसाला स्वतःला ओळखता येत नाही. सगळे एकाच भागातले, एकाच वयाचे, एकच उतारा वाचणारे. म्हणून तर तुम्हाला निवडलं."

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वाचता वाचता मध्येच मी विचारले होते, "मी गाडीला कुलूप लावलं ना?" ते तरी असेल, असे मी टाइप केले.

त्यांनी खाली पाहिले. "उताऱ्याबाहेरचं सगळं आम्ही कापून टाकतो रे."

आई भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मला न्या तिकडे. मी ओळखते."

समिती वसंतात बसते. डॉ. न्यूफेल्ड यांनी मला वसंताबद्दल काही सांगितले नाही, फक्त मृत्युपत्र लवकर करा म्हणाले. वकील श्री. सालो यांचे मत असे की जी वस्तू कोणती हे दाखवता येत नाही ती कोणाला देता येत नाही. "लिही हवं तर, पोरा. पण कायद्यापुढे टिकणार नाही." तरी लिहितो.

माझे नाव गुप्त ठेवण्याची अट मी याद्वारे मागे घेतो. माझा आवाज, तो जिथे कुठे असेल तिथून, मी माझ्या आईला देतो. प्रा. टेट यांनी बाकीच्या पुरुषांना (त्यांची नावे सहीच्या फॉर्मवर आहेत, फक्त क्रमांक नाहीत) विनंतीपत्रे पाठवण्याचे कबूल केले आहे. परवानगी मिळाल्यास रेय्योने आईला विभागात न्यावे. तिला खिडकीपासून लांब, उबेत बसवावे. कॉफी द्यावी. एकेक आवाज लावावा आणि घाई करू नये. मध्ये कोणीही "हा आहे का?" असे विचारू नये.

ती ज्या आवाजावर थांबेल तो माझा आवाज आहे, असे मी या मृत्युपत्राने जाहीर करतो. तो दुसऱ्या कोणाचा असल्यास त्या माणसाने हरकत घेऊ नये, ही माझी त्याला विनंती आहे. तो डेल्फीनच्या यंत्रात घालावा आणि यंत्राने आईला कॉफी झाली का एवढे विचारावे.

ती कोणत्याच आवाजावर थांबली नाही, तर पहिल्यापासून पुन्हा लावू नये. तिला कोट घालावा, घरी आणावे, आणि वार कोणताही असो, सौना तापवावा.

हा मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. मी चमचा एकदा वाजवला. लेखणी धरता येत नसल्यामुळे माझ्या सांगण्यावरून आणि माझ्यासमोर श्री. सालो यांनी माझ्या नावाने सही केली आहे. ज्यांना या मृत्युपत्रातून काही मिळते त्यांना साक्षीदार होता येत नाही. पुढील दोघांना काहीही मिळत नाही.

आर्वो केट्टुनेन (सही, हस्ते उर्हो सालो, वकील)

साक्षीदार:
१. मोइरा टेट, भाषाशास्त्र विभाग
२. लिओनार्ड पाइक, तत्त्वज्ञान विभाग

स्थळ: सिल्व्हर पोर्टेज, स्वयंपाकघरात
दिनांक: १४ जानेवारी २०१९