नीलायदाक्षी मिलचा मैसूरपाक

२८ फेब्रुवारी १९६३, गुरुवार

दिल्लीत कोणी मंत्री उभा राहून आकडे वाचणार, म्हणून आमच्या घरी आज भात निवला. राममूर्ती रेडिओला कान लावून. त्याच्याजवळ शेजारचा राघोत्तम — शेअर दलालाच्या कचेरीत कारकून आहे, पण मिजास अशी की बाजार ह्याच्याच खिशातून निघतो. दोघं श्वास धरून बसलेले. काय झालं म्हणून विचारलं, तर माझे चिरंजीव म्हणाले, कंपन्यांच्या जास्तीच्या नफ्यावर नवा कर बसला. राघोत्तमनं कपाळावर हात मारला.

मी विचारलं, आणि रॉकेल? तेही महागलं म्हणे. त्यावर कोणी कपाळ बडवलं नाही. रॉकेल मी आणि सून जाळतो ना!

१ मार्च

नीलायदाक्षी मिलचा शेअर एका दिवसात सतरावरून चौदावर. कोइमतूरला गिरणी कालच्याच जागी उभी आहे. सूत कातायच्या चात्या तेवढ्याच, कापूस तोच, मजूर तेच. दिल्लीत कोणी कागद वाचला नि इथे शेअरामागे तीन रुपये उडाले. गेले कुठे, मी राघोत्तमला विचारलं. म्हणतो, "कुठे जात नाहीत अम्मा, नुसते नाहीसे होतात." असल्या माणसाला कचेरी पगार देते.

शेअर माझ्या नावावर आहेत. आमचे हे मिलच्या मद्रासच्या कचेरीत जन्मभर हिशेब लिहीत होते, तेव्हा थोडे थोडे करून घेतले. माझ्या नावावर केले ते प्रेमानं नव्हे — स्वतःच्या नावावर असते तर भावानं मागितले असते. आता ते नाहीत, भाऊ नाही, शेअर आहेत. नात चंद्रिका डॉक्टर व्हायचं म्हणते. तिला जागा मिळाली की हे विकायचे, असं घरात ठरलं आहे. राममूर्तीच्या पगारात रेशन येतं, डॉक्टर येत नाही.

९ एप्रिल

भाव पंधरा. राममूर्तीनं आज पापड मागून घेतला. काल साडेचौदा होता तर अर्ध्या ताटावरून उठला होता.

१७ मे, शुक्रवार

मिलचा वर्षाचा नफा पेपरात छापून आला. मागल्या वर्षापेक्षा जास्त. मी म्हटलं, चला, आता तरी चढेल. पडला!

राघोत्तम पाट ओढून मला समजवायला बसला. नफा वाढला खरा, पण बाजारानं त्याहून जास्त धरला होता. म्हणजे पोरगी वर्गात पहिली आली तरी बाप रडतो, का, तर त्याला वाटलं होतं ती दोनदा पहिली येईल. मी असं म्हटल्यावर तो म्हणाला, "अगदी तसंच, अम्मा." लाज नाही.

मैलापूरच्या तळ्याशी बसणारी फुलवाली ह्यांच्यापेक्षा बरी. सणाच्या आदल्या दिवशी मोगरा महाग, सणाच्या दुपारी मातीमोल. का म्हणून विचारलं तर सांगते — आता कोण माळणार, मामी? तिला कारण ठाऊक आहे. ह्यांना भाव आधी कळतो, कारण मागाहून सापडतं. पडला तर एक कारण, चढला तर दुसरं. दोन्ही राघोत्तमच्या पिशवीत तयार असतात.

हे सगळं मी इथे लिहिते कारण पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलतात सगळे, वाचता येतं मला एकटीला. सून धनलक्ष्मी वही पुसायला उचलते तेव्हासुद्धा उलटी धरते.

११ जून, मंगळवार

चंद्रिकेला जागा मिळाली. वैद्यकीय कॉलेज, हॉस्टेलसकट. पैसे दहा जुलैच्या आत भरायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. पत्र तिनं इंग्रजीत वाचलं, मराठीत सांगायला गेली, अडली, शेवटी तमिळमध्ये सांगून मोकळी झाली. धनलक्ष्मी देवापुढे बसून रडली. मी म्हटलं, अजून कोणाला सुई टोचलेली नाही तिनं, आत्ताच कशाला रडतेस.

भाव एकोणीस! मिल जुन्या धारकांना जादा शेअर फुकट वाटणार अशी आवई उठली आहे. आवई, हं. पण एकोणीसला चंद्रिकेचं सगळं भागतं, वर थोडं उरतं. मी सांगितलं, उद्या विक.

राममूर्ती म्हणाला, "अम्मा, वीस तारखेला मिलची सभा आहे. तिथे जाहीर झालं की बावीस. तेवढं थांबू या."

बी.कॉम. शिकलेला तो. मी दुसरीतून शाळा सोडलेली. विक्रीच्या कागदावर सही ठोकली आणि म्हटलं, तुझी पोरगी, तुझा बाजार.

२० जून, गुरुवार

मिलच्या सभेला दरवर्षी मी स्वतः जाते. माझ्या नावाचं कार्ड येतं, माझी खुर्ची असते. मैलापूरच्या सभागृहात, जिथे मार्गशीर्षात गाणं होतं तिथेच. पुढे व्यासपीठावर पाच कोट, खाली आम्ही दोनशे जण. त्यातले दीडशे टिफिनसाठी आलेले, मीसुद्धा. खोटं कशाला बोलू? कागदी डब्यात एक बोंडा, एक मैसूरपाक, वर कॉफी. आमच्या ह्यांच्या वेळेला मैसूरपाक उचलला की बोटं तुपानं भरायची, रुमाल खराब व्हायचा.

अध्यक्षांनी तासभर आकडे वाचले. जादा शेअरांचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. राममूर्ती माझ्या शेजारी नुसता आंबला. मी मैसूरपाक तोडून तोंडात टाकला. तूपच नाही! टाळूला राप बसला, वासाचा पत्ता नाही. तुपाच्या जागी डब्यातलं स्वस्त वनस्पती. कॉफी म्हणजे गरम पाणी.

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? दोनशे माणसं डब्यात तोंड घालून गप्प. मी उभी राहिले. राममूर्तीनं पदर ओढला. मी मोठ्यानं तमिळमध्ये विचारलं, "मिठाईत वनस्पती घातलंत ते कळलं. नफ्यातही तेच मिसळलंय का?"

सगळं सभागृह हसलं. मागून टाळ्या. अध्यक्ष मात्र हसले नाहीत, कागद चाळत राहिले, मग चौकशी करतो म्हणाले. जाताना एका पेपरवाल्यानं नाव विचारलं. सांगितलं — सईबाई, वेस्ट मांबलम. बसमध्ये राममूर्ती माझ्यापासून दोन बाकं लांब बसला. बसू दे.

२१ जून

तमिळ पेपरात चार ओळी, चौकटीत. नाव नाही घातलं, "एक वृद्ध महिला भागधारक" म्हणे. पण नफ्याचं नि वनस्पतीचं शब्दाला शब्द!

संध्याकाळी राघोत्तम आला, शर्ट पाठीला चिकटलेला. सकाळी बाजारात लोक हसत होते. मग कोणी म्हणालं, आचाऱ्याचं बिल थकलं असेल. जेवणापर्यंत झालं, मिलकडे रोकड नाही. दुपारी, बँकेनं हात वर केले. दिवस मावळायच्या आत शेअर एकोणीसवरून साडेतेरा.

राममूर्ती ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "अम्मा, एवढ्याशा वडीसाठी."

मी म्हटलं, एवढ्याशा वडीनं जी गिरणी कोसळते ती कसली गिरणी? आणि बाजार कसला? कोट घालून इंग्रजी बोलणारी शंभर माणसं एका म्हातारीच्या तोंडाकडे बघून माल विकतात! मी बोलले ते खोटं असतं तर गोष्ट वेगळी.

मनात थोडं बरंही वाटलं. इतके महिने ह्यांचं ऐकलं. आज त्यांनी माझं ऐकलं.

२६ जून, बुधवार

मिलनं पेपरात जाहिरात दिली. मिठाई शुद्ध तुपातली होती, आचाऱ्याचे पैसे चुकते केलेले आहेत, सही सचिवाची. झालं! भाव आणखी खाली, बारा. राघोत्तम म्हणतो, बाजाराचं म्हणणं असं की धडधाकट गिरणी मैसूरपाकाची जाहिरात कशाला देईल?

पहिल्यांदाच बाजार मला शहाणा वाटला. खोटं बोलणारेच जाहिरात देतात.

चंद्रिका रात्री पाय दाबायला आली. तिनं एवढंच विचारलं, "आजी, नक्की वनस्पतीच होतं ना?"

मी सांगितलं, तुझ्या आईच्या जन्माच्या आधीपासून लोणी कढवते आहे मी.

ती दाबत राहिली.

४ जुलै

बाराला विकले तर निम्मंसुद्धा भागत नाही. राममूर्ती कचेरीत उचल मागून आला. नाही मिळाली. धनलक्ष्मीच्या बांगड्या सोनारानं हातात घेऊन परत दिल्या. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही असा नवा कायदा आल्यापासून त्याचंच दुकान ओस पडलंय, तो कोणाचं सोनं घेणार. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तिला भाव नाही.

राघोत्तम म्हणतो, वर्षभरात शेअर वीसला जाईल, नक्की. कॉलेज वर्षभर थांबतं का रे? विचारलं तर टोपी झटकत उठला.

१० जुलै, बुधवार

जागा गेली. चंद्रिकेनं स्वतः पोस्टात जाऊन नकाराची तार केली, बापाला जाऊ दिलं नाही. आता इथेच बी.एस्सी.ला नाव घालणार. मी म्हटलं, डॉक्टर कमी आहेत का मद्रासेत, एक नसली तर काय अडतं. राममूर्ती दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. बोलू नये. खरं बोललं की असंच होतं घरात.

१४ जुलै, रविवार

दुपारी जेवायला बसलो. पहिल्या भातावर धनलक्ष्मीनं तूप वाढलं. घास घेतला नि ताट सारलं. म्हटलं, पैसे गेले म्हणून आता घरातही वनस्पती आणलंस?

ती वाढण्याची पळी धरून तशीच उभी. म्हणाली, "अम्मा, हे सकाळी तुम्हीच कढवलंत."

राममूर्तीनं वर पाहिलं. चंद्रिकेनं आईच्या हातून पळी घेतली आणि माझ्या भातावर आणखी तूप वाढलं.