पहिली बाय कुठं गेली

आई,

काल तलासरीत एका म्हातारीने तुझी चौकशी केली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती तुला विसरलेली नाही.

मी काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तुझ्याच महिला संस्थेत आहे मी. तू डहाणूच्या कचेरीत दाराशी स्टुलावर बसून आलेल्या बायांना अर्ज भरून द्यायचीस, मी ठाण्याच्या ऑफिसात एसीत बसते. सभासद बायांच्या फोनमधलं संस्थेचं ॲप कसं असावं, बटण कुठे असावं, बाई कुठे अडते, हे बघायचं. म्हणजे तुझंच काम, फक्त दार फोनमध्ये गेलंय. शाळा सुटली की मी तुझ्या पायाशी बसून चिकू खायची. गंजाडच्या, तलासरीच्या बाया उंबऱ्याशी घुटमळतायत, आणि तू म्हणतेस, "ये गो बाय, बस. चुकलं तरी चालेल, घाई नाय." एकदा मी ऐटीत "चला, पुढची" ओरडले, तर सगळ्यांदेखत कान पिळलास. "पुढची काय? माणूस हाय ती."

बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून आम्ही ॲपला बोलतं केलं. आवाज ठरेपर्यंत तात्पुरता माझाच भरला, तुझीच वाक्यं घालून. पहिल्यांदा लावून ऐकलं. आत तू होतीस. 'बाय' म्हणण्याआधी तुझा घेतलेला श्वाससुद्धा तोच. माझ्या घशात तू कधी येऊन बसलीस कोण जाणे. तेव्हापासून रिकाम्या घरात मोठ्याने बोलायला मी भिते.

ॲप दाखवायला पहिल्यांदा तलासरीला गेले, तेव्हा याच म्हातारीने फोन कानाला लावला. कचेरीत यायची ती, तुझ्या ओळखीची. फोनलाच म्हणाली, "कधी आलीस गो? तू गेलीस असं सांगितलं होतं मला." मी तिला काही समजावलं नाही. खरं तर हेवा वाटला तिचा.

मग साहेब म्हणाले, आवाज फार घरगुती वाटतो. मी भांडले, पण ही माझी आई आहे असं मीटिंगमध्ये सांगायचं कसं? स्टुडिओतला नवा आवाज आला. गोड आहे. "कृपया पुन्हा प्रयत्न करा," म्हणतो.

काल म्हातारीने तो ऐकला आणि फोन माझ्या हातात परत दिला. "पहिली बाय कुठं गेली?"

"ती गेली, आजी."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तू गेलीस तेव्हा सगळ्यांना मामाने कळवलं होतं, माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. काल पहिल्यांदा मी ती बातमी दिली, आणि तीही तुझ्याच आवाजात. मग तिथेच रडले.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा ते माझ्याकडेच राहील. माझ्या फोनवर मात्र अजून जुनंच ॲप आहे. अपडेट करायचं राहिलंय, असं मी ऑफिसात सांगते.