ओव्हरमॉरो आणि बाईंची कंबर

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्याबरोबर तू वरच्या मजल्यावर राहायला गेलीस, असं दादा म्हणाला. खोटं असावं अशी आशा. मी खुशाल आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

पलंगांच्या कारखान्यात गिऱ्हाइकांना इंग्रजीत उत्तरं लिहायचं माझं काम तुला ठाऊकच आहे. आपण 'परवा' म्हणून मोकळे होतो (तो मागचा की पुढचा हे सोडून दे), पण इंग्रजीत 'द डे आफ्टर टुमॉरो' अशी अख्खी वरात काढावी लागते. मला या लोकांची कीव यायची. मग जुन्या शब्दकोशात सापडला 'ओव्हरमॉरो'! मॉरो म्हणजे मुळात सकाळ, त्यावरून उद्या. ओव्हर म्हणजे पलीकडे. उद्याच्या पलीकडचा तो ओव्हरमॉरो. जर्मन लोक अशाच घडणीचा शब्द अजून रोज वापरतात. इंग्रजांनी मात्र आपला केव्हाच अडगळीत टाकला. मी ठरवलं, तो आपण परत आणायचा.

पहिला मान पियानो शिकवणाऱ्या एका बाईंना मिळाला. पलंग ओव्हरमॉरो येईल, असं मी कळवलं. बाईंना वाटलं, टुमॉरो लिहिताना माझा हात घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी जुना पलंग भंगारात देऊन टाकला आणि रात्री फरशीवर झोपल्या. आमचा पलंग अगदी कबूल केलेल्या दिवशी पोचला (हे कोणी लक्षातच घेत नाही), पण तोवर बाईंची कंबर धरली होती.

मालक म्हणाले, "माफी माग, नाहीतर घरी बस." मी शब्दकोश काखोटीला मारला आणि बाईंचं घर गाठलं. बाई नव्या पलंगावर पालथ्या पडून एका टकल्या दंतवैद्याला पियानो शिकवत होत्या. सूर चुकला की उशीवर बुक्की. मी उभ्या उभ्या सगळी व्युत्पत्ती ऐकवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शब्द गोड आहे गं," त्या म्हणाल्या, "पण तो मेला कशाने, ते दिलंय का त्यात?"

दिलं नव्हतं.

"पाठदुखीने असेल," दंतवैद्य म्हणाले.

तरी मी माघार घेणार नाही. शब्द बरोबर, दिवस बरोबर, मग माफी कसली? हे मी मालकांना ठणकावून सांगितलं आहे (ते खोलीबाहेर गेल्यावर).

तुझी हट्टी भाची

ता. क. मालकांना माफी लेखी हवी आहे, तीही इंग्रजीत. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, तेवढी खरडून पाठव. कमरेबद्दल माग, शब्दाबद्दल नको.

आणखी ता. क. शब्दाबद्दलही मागितलीस तरी चालेल. फक्त सगळे शब्द चालू वापरातले घे.