डाव्या डोळ्याचा रंग

सोमवार, ४ मार्च

गोगलगाय आली. सव्वीस वर्षांनी.

वहीतल्या नावावरून कळलं नव्हतं — आडनाव नवऱ्याचं. दारातच थांबून भिंतीवरचे कृत्रिम डोळ्यांचे नमुने बघत राहिली. मागचा माणूस खोळंबून ‘अहो बाई’ म्हणाला, तेव्हा ओळखलं. डाव्या डोळ्यावर पट्टी. नोव्हेंबरात शाळेच्या खिडकीचं तावदान फुटलं म्हणे, ही खाली उभी.

“काय करत होतीस तिथे?”

“बघत होते.”

“काय?”

“आता आठवत नाही. पण बघण्यासारखं होतं.” मग मला निरखून म्हणाली, “घाईबाई, पिकलीस की गं.”

मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, पेशंटसाठीच्या आवाजात. तू खिडकीकडे तोंड करून बसायचं, मी समोर, खिडकीला पाठ करून. तुझ्या चांगल्या डोळ्यात बघत मी एका चकतीवर बुबुळ रंगवणार. दोन बैठका. मग आठवडाभर साचा आणि पॉलिश, की डोळा तयार. तिला एक तारखेला शाळेत हजर व्हायचंय, चित्रकला शिकवते. “पट्टी लावून नाही जायचं. पहिलीची पोरं घाबरतात.” म्हटलं, आरामात होईल.

आज साच्यासाठी फक्त माप घेतलं.

बुधवार, ६ मार्च

यांनी विचारलं, “गप्प का?” म्हटलं, एक जुनी ओळखीची पेशंट आली होती. “ओळखीची म्हणजे किती?” म्हणाले. मी भाजी चिरत राहिले.

तीन वर्षं हॉस्टेलची एक खोली. एक कपाट, एक आरसा. ती वर्गाला निघायची आणि जिन्यातच अडकायची — भिंतीवरची ओल नकाशासारखी दिसतेय, ये बघ. मी तिला ओढत न्यायची. गोगलगाय मीच ठेवलेलं नाव.

सोमवार, ११ मार्च

पहिली बैठक. उजवा डोळा. लांबून नुसता तपकिरी. जवळून — कडेला शेवाळी कडं, आत मधाचे धागे, आणि खाली, घड्याळात सात वाजतात त्या जागी, एक पिवळा ठिपका. मोहरीएवढाही नाही. तीन वर्षं एका खोलीत काढली आणि हा ठिपका मला माहीत नव्हता.

ती मात्र माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होती. तसंच बघायला सांगतो आम्ही.

“समोरच्या गच्चीवरची बाई कपड्यांशी बोलते बघ वाळत घालताना. शर्टाला रागावली आत्ता.”

“हलू नकोस.”

“किती वर्षं बसतेस इथे?”

“सव्वीस.”

“आणि तिला कधी बघितलं नाहीस?”

पाठ असते ना माझी. म्हटलं तसं. ती हसली, आणि डोळा हलला.

मंगळवार, १२ मार्च

बसची तिकिटं माझ्याकडे होती. दोन्ही. हे इथे एकदा लिहून ठेवते.

इथे शिकाऊ म्हणून दोन जागा होत्या, आम्हा दोघींची निवड झाली होती. दुसऱ्या दिवशी दहाला हजर व्हायचं. स्टँडवर ती आली नाही. कंडक्टरने घंटी दिली, मी चढले. ती वीस मिनिटांनी आली, असं नंतर कुणाकडून तरी कळलं. पुढची बस तासाने होती. त्या बसने निघाले असते तरी दहाला पोचले असते. तिच्याकडे ना तिकीट, ना दुसरं काढायला पैसे; तिची जागा दुसऱ्याला गेली. मी पत्र लिहिलं नाही, मग तिनेही नाही.

सोमवार, १८ मार्च

दुसरी बैठक. सव्वाअकराला चकतीवर पाण्याचा थेंब टाकला — वर चकचकीत थर चढल्यावर रंग कसा दिसेल ते तेव्हा कळतं — आणि तिच्या डोळ्याशेजारी धरली. जुळला होता. ठिपक्यासकट. इतका जुळलेला रंग वर्षातून एखादाच होतो.

मी म्हटलं, “पिवळा कमी पडतोय. अजून एक बैठक लागेल.”

का म्हटलं? ती आणखी दोन तास समोर बसावी म्हणून. बाकी काही कारण नाही.

“तुला काय ते कळतं,” म्हणाली. मग बराच वेळ गप्पा. एका डोळ्याने चहा कपाबाहेर पडतो. पायरी कुठे संपते ते कळत नाही. “चित्राचं मात्र बरं आहे. कागद सपाटच असतो.” मी तिच्यासाठी चहा ओतला आणि आम्ही तो निवेपर्यंत प्यायलोच नाही. सव्वीस वर्षांत इतका थंड चहा मी प्यायले नव्हते.

गुरुवार, २१ मार्च

तिसरी बैठक. मी ठिपका पुसला आणि परत काढला. होता तिथेच, होता तसाच.

ते वाक्य पाठ करून गेले होते — त्या दिवशी मी पुढच्या बसने निघायला हवं होतं. निम्म्या वाटेपर्यंत आलं आणि मी विचारलं, तुझी मुलगी काय करते. मुलगी नर्स आहे.

“सोमवारी ये. शेवटची.”

तिने तारखा बोटांवर मोजल्या. येता-जाता सहा तासांचा प्रवास तिला.

शुक्रवार, २२ मार्च

पॉलिशवाल्या मामांनी चकती भिंगाखाली धरली. मामा माझ्याही आधीपासून इथे.

“हे कधी झालं?”

“व्हायचंय अजून.”

“बाई, मी डोळे घासतो, पण मलाही दोन आहेत. हे सोमवारीच झालंय.” भिंग खाली ठेवलं. “मैत्रीण आहे ना? मग बोला तिच्याशी. तिला बिनडोळ्याची का बसवून ठेवलीय?”

मी म्हटलं, तुम्ही तुमचं पॉलिशचं चाक बघा. मामा चाक बघायला गेले.

सोमवार, २५ मार्च

ती बसली आणि आपण होऊन सांगितलं. येताना बसमध्ये पट्टी सरकली. शेजारच्या बाईने आपल्या पोरीचं तोंड फिरवलं. “पोरगी बघतच होती गं, कुतूहलाने. आईनेच फिरवलं.” घरात आरशावर टॉवेल टाकलाय, डिसेंबरपासून. मुलगी काढते, ही परत टाकते. “एक तारीख गाठेल ना? खरं सांग.”

मी डिसेंबरपासूनचे दिवस मोजले. त्यातला हा एक आठवडा माझा होता. माझ्या हौसेचा.

चकतीवर थेंब टाकला, बघितल्यासारखं केलं, आणि म्हटलं, “झालं. जुळला.” साडेदहा वाजले होते. सगळी बैठक दहा मिनिटांची. तिने पर्स उचलली, मग जरा वेळ तशीच बसून राहिली. मला वाटतं, त्या गच्चीवरच्या बाईची वाट बघत होती.

मामांना सांगितलं, शनिवारी हवाय. “शनिवारी? आता घाई?” पण लागले कामाला.

शनिवार, ३० मार्च

डोळा बसवला. पांढऱ्यावरच्या शिरा मी लाल रेशमाच्या धाग्याने घातल्यात, एकेक तंतू सोडवून. तिच्या हातात आरसा दिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं — ती आरशात. मामा दारात येऊन उभे. “कोणता खरा?” तिने त्यांना विचारलं. मामा म्हणाले, “मला विचारू नका, मी गोंधळलोय.” ती रडली. दोन्ही डोळ्यांनी.

मग माझी, ते वाक्य बोलायची वेळ आली होती. खोलीत दोघीच. मी सांगितलं — रोज काढायचा नाही, कोमट पाण्याने धुवायचा, वर्षातून एकदा पॉलिशला आणायचा.

“वर्षातून एकदा,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं.”

जिन्यात ती थांबली नाही. सरळ उतरून गेली.

शुक्रवार, ५ एप्रिल

दुपारी पेशंट नव्हता. पेशंटच्या खुर्चीत बसले. गच्चीवरची बाई साडेतीनला आली. उंच आहे, मला बुटकी वाटली होती. चादर झटकताना तिच्यामागे सगळी गच्ची उजळून निघते आणि विझते. एका मोज्याची जोडी सापडेना, तर सगळी बादली उपसली, आणि सापडल्यावर त्या मोज्याला असं काही ऐकवलं की मी इकडे एकटी हसले. ऐकू काही येत नाही. तरी कळतं.

सांगायला कोणी नव्हतं. मामांना बोलावलं तर म्हणाले, “ही? ही तर पंधरा वर्षांपासूनची आहे.”

सोमवार, १५ एप्रिल

बसले. बाई आली नाही. कबुतरं होती. तीही बघितली.

मंगळवार, २३ एप्रिल

दोनदा तिचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. काय विचारणार? डोळा टोचत नाही ना?

यांनी विचारलं, “त्या ओळखीच्या पेशंटचं झालं का काम?” म्हटलं, झालं. “मग तोंड का असं?” सगळं सांगितलं, तिकिटांसकट. हे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग?”

गुरुवार, २ मे

तिचा फोन. डोळा हरवला म्हणाली.

“कुठे?”

“ते कळलं असतं तर हरवला असता का?”

मी खरं ते सांगितलं. साचा इथेच आहे, रंगाचा नमुना आहे, तुला यायची गरज नाही, मामा आणि मी करून पार्सलने पाठवतो. आणि मग, न थांबता, बसचंही सांगून टाकलं. दोन्ही तिकिटं. पुढची बस. सगळं.

पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, “पार्सलचं कोणी विचारलं? शाळेला सुट्टी लागलीय. बैठका किती, ते सांग.”